दोन तबकड्यांची एक लय

मैफल सुरू होण्यापूर्वीं तंबोरा लावला जातो, तबला गायकाच्या षड्जाशीं मिळविला जातो, आणि मगच पहिला स्वर उमटतो. ही तयारी श्रोत्यांच्या इतकी अंगवळणीं पडलेली असते कीं तिच्याकडे कोणाचें फारसें लक्ष जात नाहीं. परंतु समजा, गाणें गाऊन झालेलें आहे, तबकडीवर कायमचें कोरलें गेलें आहे आणि गवई केव्हांच निघून गेला आहे. आणि दुसऱ्या गांवीं, दुसऱ्या लयींत नि दुसऱ्या पट्टींत झालेलें दुसरें गाणें त्याला असें जोडावयाचें आहे कीं नाचणाऱ्याचें पाऊल अडखळूं नये आणि ऐकणाऱ्याच्या कानाला टोंचणी लागूं नये. अशा वेळीं तंबोरा कोणी लावावयाचा आणि ठेका कोणी धरावयाचा? विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत हा प्रश्न कांहीं तरुणांनीं आपल्या कानांच्या आणि बोटांच्या बळावर सोडविला. त्यांतले बहुतेक गरीब वस्तींतले होते, आणि संगीतशाळेची पायरी त्यांतील फारच थोड्यांनीं चढलेली होती. त्या उद्योगाचा इतिहास मनोरंजक तर आहेच. पण त्यांत एक ऋणाची गोष्टही दडलेली आहे.

ज्या संगीतांत या प्रश्नाला सर्वांत काटेकोर उत्तर मिळालें, त्याचें नांव 'ड्रम अँड बेस'. ड्रम म्हणजे तालवाद्य आणि बेस म्हणजे खर्ज. हींच दोन त्याचीं मुख्य अंगें. इ. स. १९९१ ते १९९४ या अवधींत लंडन शहरांत तें 'जंगल' या नांवानें वाढलें आणि पुढें ड्रम अँड बेस या नांवानें स्थिर झालें. त्याची गति विलक्षण असते : मिनिटास १७० ते १७५ मात्रा, अलीकडील रचना बहुधा १७४ च्या आसपास. म्हणजे एक मात्रा सेकंदाच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाएवढी. खर्जाचा स्वर मात्र पुष्कळदां याच्या निम्म्या गतीनें, मिनिटास ८७ मात्रांच्या हिशेबानें चालतो. आपल्याकडील तबलजी ठाय लयींत ठेका धरतो आणि मग दुगुण करून दाखवितो. येथें ठाय आणि दुगुण या दोन्ही लयी एकाच वेळीं चाललेल्या असतात. नाचणाऱ्यानें वाटल्यास ड्रमच्या मागें धांवावें, वाटल्यास खर्जावर संथपणें डोलावें. या दुहेरी चालींतच त्या संगीताची मोहिनी आहे.

आतां अडचण कोठें येते, तें पाहूं. ग्रामोफोनच्या तबकडीचा एक नियम आहे. ती जलद फिरविली कीं लय वाढते, आणि लयीबरोबर स्वरही चढतो. चावी संपत आलेल्या फोनोवर गाणें जसजसें मंदावे, तसतसा गायकाचा आवाज घोगरा होत जाई, तें याच नियमामुळें. गति सुमारें सहा टक्क्यांनीं वाढली म्हणजे स्वर अर्ध्या स्वरानें, म्हणजे पेटीच्या एका पट्टीनें वर सरकतो. समजा, एक तबकडी १७० मात्रांची आहे आणि दुसरी १७४ मात्रांची. पहिलीची गति दुसरीइतकी करावयाची तर ती अडीच टक्क्यांहून किंचित् कमी वाढवावी लागते. वाढ क्षुल्लक दिसते. पण तेवढ्यानें स्वर अर्धस्वराच्या दोन पंचमांश भागानें चढतो. पूर्वीं जें गाणें पट्टींत नेमकें बसलें होतें, तें आतां पेटीच्या दोन स्वरांमधील फटींत जाऊन अडकतें. लय जुळवावी तर स्वर बिघडतो, स्वर सांभाळावा तर लय सुटते. या दोहोंची गांठ प्रथम ओळखणें, मग तिच्याशीं जुळवून घेणें आणि शेवटीं ती सोडविणें, हेंच या कलेच्या इतिहासाचे तीन टप्पे होत.

या कलेचें बीज लंडनमध्यें पडलेलें नाहीं. तें जमेका बेटाच्या राजधानींत, किंग्स्टन येथें सांपडतें. तेथें १९५० च्या दशकांत 'साऊंड सिस्टिम' नांवाची संस्था उदयास आली. भल्यामोठ्या कपाटांएवढे ध्वनिवर्धक, एक तबकडीयंत्र आणि निवडक तबकड्या घेऊन हे लोक अंगणांत वा मैदानांत नाच मांडीत. टॉम द ग्रेट सबॅस्टियन, ड्यूक रीड, कॉक्सन डॉड हीं नांवें त्या काळीं गाजलीं. ज्याचा खर्ज भारी त्याच्याकडे गर्दी, असा तो मामला होता. पुढें १९७० च्या दशकाच्या आरंभीं किंग टबी नामक ध्वनियंत्रांच्या कुशल कारागिरानें एक नवी रीति रूढ केली. तयार गाण्यांतून गायकाचा आवाज काढून टाकावयाचा, ड्रम आणि खर्ज तेवढे उघडे ठेवावयाचे, आणि त्यांवर प्रतिध्वनीचे रंग चढवावयाचे. या प्रकाराला 'डब' म्हणतात. एखादी रचना एकाच वादकासाठीं मऊ लेपाच्या तबकडीवर कापून देण्याची 'डबप्लेट'ची पद्धतिही तेथलीच. २२ जून १९४८ रोजीं 'एम्पायर विंडरश' या जहाजांतून वेस्ट इंडीजमधील शेंकडों प्रवासी इंग्लंडमधील टिलबरी बंदरावर उतरले. त्यानंतरच्या वर्षांत आलेल्या हजारों जमेकन कुटुंबांबरोबर खर्जाची ही आवडही इंग्लंडमध्यें आली आणि त्यांच्या मुलांच्या कानांत घर करून राहिली.

बीजाची दुसरी शाखा न्यूयॉर्कमध्यें फुटली. १९६९–७० च्या सुमारास 'सँक्च्युअरी' नांवाच्या नृत्यगृहांत फ्रान्सिस ग्रासो हा वादक दोन तबकड्यांच्या मात्रा एकमेकींवर बसवूं लागला. एक गाणें संपून दुसरें सुरू होईपर्यंत पूर्वीं जी पोकळी राही ती त्यानें नाहींशी केली. पुढें ११ ऑगस्ट १९७३ रोजीं ब्राँक्स भागांतील सेजविक ॲव्हेन्यूवरच्या एका इमारतींत कूल हर्क या तरुणानें आपल्या बहिणीबरोबर एक मेळावा भरविला. हर्क जन्मानें किंग्स्टनचा. त्याच्या लक्षांत असें आलें कीं गाण्यांत जेथें इतर वाद्यें थांबून केवळ ड्रम वाजतो, तेथें नाचणाऱ्यांना खरा उत्साह चढतो. तो तुकडा असावयाचा कांहीं सेकंदांचाच. म्हणून त्यानें एकाच गाण्याच्या दोन तबकड्या घेतल्या. एकीवरचा तुकडा संपला कीं दुसरीवरचा लावावा, आणि असा तो हवा तितका लांबवावा. ग्रँडमास्टर फ्लॅश यानें या रीतीला शिस्त लावली. तबकडीवर खूण करून ठेवावी, ती किती फेरे मागें फिरविली म्हणजे तुकड्याचा आरंभ येतो तें मोजावें, आणि ठोक्यावर ठोका अचूक टाकावा. अडाणी खेळ वाटणाऱ्या या उद्योगांत गणित आलें तें असें.

कलेला साजेसें यंत्रही याच सुमारास तयार झालें. जपानांतील ओसाका येथील मात्सुशिता कंपनींत शूइची ओबाटा या अभियंत्यानें पट्टा काढून टाकून थेट विद्युत्यंत्रावर फिरणारी तबकडीची बैठक बनविली. त्या मालिकेंतील 'टेक्निक्स एसएल-१२००' हें यंत्र १९७२ मध्यें बाजारांत आलें, आणि १९७९ च्या सुमारास त्याची सुधारलेली आवृत्ति सर्वत्र पसरली. तिच्या उजव्या बाजूस एक सरकता दांडा असे. तो पुढेंमागें केला कीं गति आठ टक्क्यांपर्यंत कमीजास्त होई. हा दांडा म्हणजे त्या वादकांचा तंबोऱ्याचा मणीच म्हणावयाचा! त्याला एका हातानें हळूच सरकवीत, दुसऱ्या हातानें तबकडीच्या कडेला स्पर्श करीत, एका कानानें सभागृह ऐकत आणि दुसऱ्या कानाला लावलेल्या श्रवणयंत्रांतून पुढची तबकडी ऐकत वादक दोन लयी एक करी. आठ टक्के म्हणजे स्वराच्या भाषेंत सव्वा पट्टीहून थोडें अधिक. एवढ्याच मैदानांत त्याला खेळावयाचें असे.

आतां ज्या सात सेकंदांवर या साऱ्या इमारतीचा भार आहे त्यांकडे वळूं. अमेरिकेंतील वॉशिंग्टन शहरच्या 'द विन्स्टन्स' या वाद्यवृंदानें १९६९ मध्यें 'कलर हिम फादर' हें गाणें ध्वनिमुद्रित केलें. तें गाजलें, त्याला ग्रॅमी पारितोषिकही मिळालें. त्या तबकडीच्या मागील बाजूस भरीला म्हणून 'अमेन, ब्रदर' ही शब्दविरहित रचना घातली होती. तिच्या मध्यावर इतर वाद्यें थांबतात आणि ग्रेगरी कोलमन हा ड्रमवादक चार आवर्तनें एकटाच वाजवितो. एकंदर सोळा मात्रा, अवघीं सात सेकंदें. पहिलीं दोन आवर्तनें सरळ. तिसऱ्याच्या शेवटीं एक ठोका जागचा हलतो. आणि चौथ्यांत तो झोल असा कांहीं खुलतो कीं समेवर येतां येतां सारा ठेका झोक जाऊन सांवरल्यासारखा वाटतो. त्या काळीं तिकडे कोणी ढुंकूनही पाहिलें नाहीं. १९८६ मध्यें न्यूयॉर्कमध्यें निघालेल्या 'अल्टिमेट ब्रेक्स अँड बीट्स' या संग्रहांत ती रचना पुन्हा छापली गेली आणि तरुण वादकांच्या हातीं पडली. त्यानंतर त्या सात सेकंदांचा उपयोग हजारों रचनांत झाला. ड्रम अँड बेसचा तर तो मूळ धातुच ठरला.

कोलमनची मूळ लय मिनिटास सुमारें १३७ मात्रांची. लंडनच्या तरुणांना हवी होती १६०–१७० ची. १९८८ ते १९९३ पर्यंत लंडनच्या 'हेवन' या नृत्यगृहांत 'रेज' नांवाचा मेळावा भरत असे. तेथें फॅबिओ आणि ग्रूव्हरायडर हे वादक तबकड्यांची गति शक्य तितकी वाढवून ड्रमप्रधान रचना लावीत. हॅक्नी भागांतील 'शट अप अँड डान्स' या जोडीनेंही अमेरिकन तुकडे जलद करून रचना बांधल्या. १३७ मात्रांचा तुकडा १७० पर्यंत नेला म्हणजे स्वर जवळजवळ चार पट्ट्या चढतो. ड्रमचा भरीव आवाज पत्र्यासारखा खणखणीत होतो. लय आणि स्वर यांच्या जुन्या गांठीचाच हा परिणाम. पण गंमत अशी कीं तो दोष न ठरतां त्या संगीताचा मुखडा ठरला, आणि जंगल म्हटलें कीं हाच खणखणाट लोकांच्या कानांपुढें येऊं लागला.

गांठ सुटली ती सॅम्पलर या यंत्रामुळें. अकाई या जपानी कंपनीचें 'एस १०००' हें यंत्र १९८८ मध्यें निघालें. ध्वनीचा तुकडा स्मृतींत सांठवून तो पेटीच्या हव्या त्या पट्टीवरून वाजवावा, त्याचे बारीक खंड करून हव्या त्या क्रमानें लावावे, हें त्यानें सुकर केलें. शिवाय अशा यंत्रांत एक करामत होती : ध्वनि अतिसूक्ष्म कणांत कापावयाचा आणि ते कण दुपटीनें ठेवून किंवा गाळून लांबी बदलावयाची. यामुळें स्वर न हलतां लय हलूं लागली. उलट लय न हलतां स्वर हलविणें हेंही दुसऱ्या यंत्रांनीं शक्य झालें. १९९२ मध्यें गोल्डी या तरुणानें 'टर्मिनेटर' या रचनेंत ड्रमचा स्वर वर वर चढविला, परंतु लय एका केसानेंही वाढूं दिली नाहीं. ऐकणाऱ्याला वाटे कीं गाडीचा वेग वाढतो आहे, आणि रस्ता मात्र तितकाच सरतो आहे. शतकाची गांठ सुटल्याचा तो पुरावा होता.

या संगीताला राजमार्ग मोकळा नव्हता. लंडनच्या उंच सरकारी चाळींच्या गच्चीवर चोरून तार उभारावी आणि परवान्यावांचून नभोवाणी चालवावी, असा त्या वेळीं प्रघात पडला होता. १९९१ मध्यें हॅक्नी भागांत सुरू झालेलें 'कूल एफएम' हें त्यांपैकीं सर्वांत नामांकित. अधिकाऱ्यांनीं एक यंत्र जप्त करावें, वादकांनीं दुसरें उभें करावें, असा लपंडाव चाले. १९९४ च्या फौजदारी न्यायविषयक कायद्यानें तर उघड्यावर रात्रीं भरणाऱ्या मेळाव्यांना आळा घालतांना, एकाच प्रकारच्या ठोक्यांची पुनरावृत्ति हें अशा संगीताचें लक्षण म्हणून नमूद केलें. ठेक्याच्या आवर्तनाची व्याख्या कायद्याच्या पुस्तकांत यावी, असा प्रसंग संगीताच्या इतिहासांत विरळा. परंतु पुढच्याच वर्षीं, १९९५ मध्यें, बी.बी.सी.च्या रेडिओ वननें 'वन इन द जंगल' ही मालिका सुरू केली. ज्यांना गच्चीवरून हुसकून लावलें होतें, त्यांना राजरस्त्यानें आंत बोलावलें गेलें.

आतां प्रत्यक्ष कारागिरी पाहूं. १७४ मात्रांच्या लयींत सोळा आवर्तनें म्हणजे ६४ मात्रा. त्यांना बावीस सेकंद लागतात. दोन तबकड्यांच्या गतींत शेंकडा एकाचाच फरक राहिला, तरी या बावीस सेकंदांत त्या एकमेकींपासून सेकंदाच्या पांचव्या हिश्शाहून अधिक, म्हणजे अर्ध्या मात्रेपेक्षां जास्त दुरावतात; आणि मग घोडदौडीऐवजीं टापांचा गोंधळ ऐकूं येतो. म्हणून लय जुळविणें ही पहिली पायरी. दुसरी पायरी आवर्तनांची. या रचना सोळा सोळा आवर्तनांच्या खंडांत बांधलेल्या असतात. आरंभीं केवळ ड्रम, मग स्वरांची छाया, मग क्षणभर शांतता, आणि मग खर्ज आपल्या साऱ्या भारानिशीं कोसळतो. या कोसळण्याला 'ड्रॉप' म्हणतात. आपल्या समेसारखेंच त्याचें महत्त्व. दुसऱ्या तबकडीचा आरंभ पहिलीच्या नेमक्या कोणत्या आवर्तनाला सोडला म्हणजे तिची सम योग्य जागीं पडेल, याचा हिशेब वादक मनांतल्या मनांत मांडतो. १९९२ मध्यें 'रॅम रेकॉर्ड्स' ही संस्था स्थापणाऱ्यांपैकीं एक, अँडी सी, हा तर दोन रचनांच्या समा एकाच क्षणीं पाडण्याबद्दल आणि तीन यंत्रें एकदम चालविण्याबद्दल प्रसिद्ध आहे.

तिसरी पायरी स्वराची, आणि सर्वांत नाजूक तीच. ड्रमवर ड्रम कसाही चालून जातो. म्हणून रचनेच्या आरंभीं नि अखेरीस केवळ ड्रम ठेवण्याची सोय रचनाकारांनींच करून ठेवलेली असते. परंतु दोन खर्ज एकत्र आले कीं खरी परीक्षा होते. पेटीवरील पांढरी चार अतिमंद्र सप्तकांत सेकंदास सुमारें ४३.७ कंपनें देते. तिच्या शेजारची काळी तीन ४६.२. हे दोन स्वर एकदम वाजले तर सेकंदास सुमारें अडीच हेलकावे पडतात, आणि मोठ्या ध्वनिवर्धकांपुढें उभ्या असलेल्या माणसाच्या छातींत ते गचके बसतात. म्हणून जाणता वादक एका तबकडीचा खर्ज मिक्सरवरील खुंटी फिरवून दाबून टाकतो आणि दुसरीचा तेवढा वर आणतो. तरीही जे स्वर उरतात ते एकमेकांचे सोबती असावे लागतात.

सोबती कोणते, हें ठरविण्याचा मार्ग आपल्या संगीतज्ञांना अपरिचित नाहीं. बिलावल थाटाचे सात स्वर घ्यावे आणि पंचमाला षड्ज मानून नवा बिलावल मांडावा. सातांपैकीं सहा स्वर तेच राहतात. फक्त मध्यम तीव्र होतो. मध्यमाला षड्ज मानलें तर फक्त निषाद कोमल होतो. धैवताला षड्ज मानलें तर सातही स्वर तेच राहून आसावरीचा थाट उभा राहतो. पंडित भातखंडे यांच्या दहा थाटांशीं परिचय असलेल्यास हें सहज पटेल. उलट षड्ज केवळ एका पट्टीनें सरकविला तर सातांपैकीं दोनच स्वर समान उरतात. म्हणजे जो शेजारी दिसतो तो परका, आणि जो पांच स्वर दूर दिसतो तो सख्खा! पाश्चात्य संगीतांत हेंच नातें पंचमांच्या वर्तुळानें दाखवितात. मार्क डेव्हिस यानें तें वादकांसाठीं सोपें केलें. त्यानें घड्याळाप्रमाणें बारा अंक मांडले. प्रत्येक अंकाला 'ए' आणि 'बी' अशीं दोन अक्षरें दिलीं. 'ए' म्हणजे कोमल गांधाराचा गट आणि 'बी' म्हणजे शुद्ध गांधाराचा. ज्या अंकावर आहां त्यावरच राहावें, किंवा शेजारच्या अंकावर जावें, किंवा अंक तोच ठेवून अक्षर बदलावें. म्हणजे स्वर जुळतात. या 'केमलॉट' चक्रामुळें ज्याला स्वरलिपि येत नाहीं त्यालाही षड्ज-पंचमभाव साधूं लागला. २००६ मध्यें 'मिक्स्ड इन की' ही संगणकावरील योजना निघाली आणि प्रत्येक रचनेचा अंक यंत्रच सांगूं लागलें.

नियम झाला म्हणजे त्याचे अपवादही आलेच. १९८८ मध्यें अमेरिकेंतील केव्हिन सॉन्डरसन यानें 'रीस' या टोपणनांवानें काढलेल्या एका रचनेंत किंचित् बेसूर केलेले दोन स्वर एकमेकांवर घासून खर्जाला गुरगुरता आवाज दिला होता. १९९४ च्या 'टेररिस्ट' या रचनेनें तो ड्रम अँड बेसमध्यें आणला आणि 'रीस बेस' हें त्याचें नांवच पडलें. ज्या हेलकाव्यांना वादक भितो, त्यांनाच रचनाकारानें अलंकार केलें. फरक एवढाच कीं पहिला बेसूर अजाणतां होतो आणि दुसरा मोजून मापून केलेला असतो.

यंत्रें पुढें गेलीं. २००१ मध्यें पायोनियर कंपनीनें काढलेल्या 'सीडीजे-१०००' या यंत्रावर एक कळ दाबली कीं लय बदलूनही स्वर स्थिर राही. २०१२ च्या सुमारास तर दोन यंत्रें परस्पर आपली लय जुळवूं लागलीं. तेव्हां एक वाद निघाला, आणि तो निरर्थक नव्हता. लय यंत्र जुळवितें, पट्टी यंत्र सांगतें; मग वादकानें करावयाचें तरी काय? याचें उत्तर जुन्या वादकांच्या कृतींतच आहे. गणित हा पाया होय. परंतु कोणत्या रचनेनंतर कोणती रचना यावी, केव्हां थांबावें, केव्हां अपेक्षाभंग करावा आणि श्रोत्याला पोटांत धस्स झाल्यावर कोठें नेऊन सोडावें, हें कोणत्याही चक्रावर लिहिलेलें नसतें. पेटीच्या पट्ट्या ठाऊक असणें आणि गाणें येणें या दोन गोष्टी भिन्न आहेत. शिवाय ज्यानें एकदां कानानें लय जुळविली आहे त्याला यंत्राची चूक कळते. ज्यानें जुळविलीच नाहीं त्याला ती कधींच कळत नाहीं.

या संगीताला मानमरातबही मिळाला. १९९५ मध्यें गोल्डीचा 'टाइमलेस' हा संग्रह निघाला. त्यांतील मुख्य रचना एकवीस मिनिटांची आहे. १९९७ मध्यें ब्रिस्टल शहरच्या रॉनी साइझ आणि 'रेप्राझेंट' या चमूला 'न्यू फॉर्म्स' या कृतीबद्दल इंग्लंडचें मर्क्युरी पारितोषिक मिळालें. लंडनच्या 'ब्लू नोट' या ज्या स्थळीं रविवारीं गोल्डीच्या 'मेटलहेड्झ'चे मेळावे भरत, तेथेंच सोमवारीं तलविन सिंग यांचा 'अनोखा' मेळावा भरे, आणि तबल्याचे बोल जंगलच्या ठेक्यांत मिसळत. १९९९ चें मर्क्युरी पारितोषिक त्यांच्या 'ओके' या संग्रहाला लाभलें. २००० साली निघालेल्या 'ताल मॅट्रिक्स' या संग्रहांत तर मुंबईचे उस्ताद झाकिर हुसेन, बेळगांवांत जन्मलेल्या शोभा गुर्टू यांचे चिरंजीव त्रिलोक गुर्टू आणि कर्ष काळे हे एकत्र आले. तबल्याच्या दुगुण-चौगुणीला १७४ मात्रांची भीति ती कसली? दोन्ही घराणीं एकमेकांना ओळखीचीं वाटलीं, यांत नवल नाहीं.

शेवटीं ऋणाची गोष्ट. ग्रेगरी कोलमनच्या सात सेकंदांवर हजारों रचना उभ्या राहिल्या. कित्येकांनीं त्यांवर नांव आणि पैसा मिळविला. कोलमनला त्याबद्दल एक कवडी मिळाली नाहीं. २००६ मध्यें अटलांटा शहरांत तो मरण पावला तेव्हां त्याला राहावयास घर नव्हतें. वाद्यवृंदाचा प्रमुख रिचर्ड स्पेन्सर याला आपल्या रचनेचें काय झालें आहे याचा कित्येक वर्षें पत्ताही नव्हता. कळलें तेव्हां कायद्याची मुदत टळून गेली होती. २०१५ मध्यें इंग्लंडमधील दोघां वादकांनीं लोकवर्गणी काढली आणि जमलेले २४ हजार पौंड स्पेन्सरच्या हातीं दिले. कायद्यानें जें देववलें नाहीं तें कृतज्ञतेनें दिलें. पण ड्रम ज्यानें वाजविला तो तोंवर जगांतून गेला होता. स्पेन्सरही २०२० मध्यें निवर्तला.

दोन तबकड्या जुळवितांना वादक दोन गोष्टी पाहतो : लय एक आहे ना, आणि स्वर एकमेकांचे आहेत ना. या इतिहासानें तिसरी एक गोष्ट दाखवून दिली आहे. ज्याचा ठेका आपण घेतला त्याचें नांव आपल्याला ठाऊक आहे ना? गवई मैफलीच्या आरंभीं गुरूचें स्मरण करतो तो केवळ शिष्टाचार नव्हे; उसनें घेतलेल्या स्वराची ती पोंच असते. किंग्स्टनचें अंगण, ब्राँक्सची इमारत, ओसाकाचा अभियंता, हॅक्नीची गच्ची आणि वॉशिंग्टनचा तो विसरला गेलेला ड्रमवादक, इतक्यांच्या हातांतून गेलेली लय आज एका कळीसरशी जुळते. कळ दाबणाऱ्यानें एवढें ध्यानांत ठेवलें, तर त्याचा स्वर सहसा चुकणार नाहीं.